बिनक्रुसाची पेटी

"टिकाव दे इकडं," दाजी म्हणाला.

मी दिला नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीत लेकराची कबर मामा खणतो आणि बाप घरी बसतो. का, ते कुणी धड सांगत नाही. बापाच्या हाताला ती माती लागू नये, एवढंच म्हातारी माणसं म्हणतात. आणि पैसे देऊन खड्डा खणून घ्यायची तर आमच्यात मुळीच रीत नाही. म्हणून उन्हं वर यायच्या आत टिकाव, पहार, फावडं आणि घमेलं घेऊन मी मिशन कंपाउंडच्या मागल्या कबरस्तानात आलो होतो. माझ्या मागोमाग दाजी, म्हणजे माझ्या भाचीचा, निरूचा बाप, आला होता, अनवाणी.

"दाजी, तुम्ही घरी जा. दयाजवळ बसा."

"दया माझ्याशी बोलत नाही. दे."

"बापानं हे..."

"बापानं खणायचं नसतं. माहीत आहे. तुमच्यात काय काय नसतं ते लग्नापासून ऐकतोय." त्यानं टिकाव माझ्या हातातून ओढूनच घेतला. "पोरगी माझी आहे. तुझ्या देवानं नेली, आता खड्डा तरी मला खणू दे."

एरवी, नाताळच्या फराळावर भांडताना, हे वाक्य मी सोडलं नसतं. जो मुळात नाहीच त्यानं नेली कशी, असं विचारून मी त्याला तिथंच धरला असता आणि वर एक करंजी खाल्ली असती. त्या सकाळी मी खिशातली सुतळी काढली.

जयवंत बनसोडे आणि मी मिशनच्या बोर्डिंगात एका ताटात जेवलेली पोरं. पुढं तो पुण्याला शिकायला गेला आणि भौतिकशास्त्राची पदवी घेऊन, देवाला तिकडंच सोडून परत आला. तालुक्याच्या हायस्कुलात शिकवायला लागला. माझ्या धाकट्या बहिणीनं, दयानं, लग्न करीन तर याच्याशीच म्हटल्यावर मंडळीत कुजबुज झाली. दया म्हणाली, "तो उपासनेला येत नसेल, पण खोटं बोलत नाही. येणारे सगळे तसे आहेत का?" लग्नानंतर आईच्या धाकानं मी त्याला दाजी आणि तुम्ही म्हणायला लागलो. तो मला तूच म्हणत राहिला. मनात मात्र माझ्यासाठी तो 'तो'च होता, म्हणून इथंही तसंच लिहितो.

मी बोर्डिंगच्या शाळेत मास्तर. लोक मला मंडळीचा वकील म्हणायचे. बाजारच्या दिवशी कुणी येशूवर वाकडा प्रश्न टाकला की आमच्या चर्चचे पाळकसाहेब, रणनवरे त्यांचं नाव, मला पुढं करायचे. वाद घालायला मिळाला की मला जेवणाची शुद्ध राहत नसे. दर नाताळात दाजी आणि मी फराळाचं ताट मध्ये ठेवून देव आहे की नाही यावर भांडायचो. निरू आमच्या मध्ये बसून दोघांच्या वाटणीचं खायची आणि मधूनच विचारायची, "आता कोण जिंकलं?" जो शेवटची करंजी तिला देई तो जिंके. बहुतेक वेळा तिचा बापच जिंकायचा.

ती सहा वर्षांची होती. मेंदूज्वर झाला. जिल्ह्याच्या दवाखान्यात दाजी तिच्या उशाशी बसून होता आणि इकडं सगळी मंडळी गुडघ्यांवर होती. शनिवारी ताप उतरला. रविवारी उपासनेत मी उभा राहिलो, साक्ष दिली, देवाचे आभार मानले. बायका रडल्या, सगळ्यांनी उभं राहून गीत म्हटलं. बुधवारी निरू गेली.

पेटी त्यांच्या घरी आली तेव्हा दाजीनं पाळकसाहेबांना दारातच सांगितलं. आवाज चढवला नाही. वर्गात गृहपाठ सांगावा तसं सांगितलं. कबरस्तानात ठेवायला माझी हरकत नाही, तिचे आजोबा तिथंच आहेत. पण प्रार्थना नको, गीत नको, पेटीवर क्रूस नको. कुणी तोंड उघडलं तर तिला मी माझ्या गावी नेईन, शेताच्या बांधावर ठेवीन. आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. फाटकाबाहेर त्यानं सांगून ठेवलेली जीप उभी होती.

दया रडत नव्हती. निरू गेल्यापासून एकदाही रडली नव्हती, त्याचीच सगळ्यांना भीती वाटत होती. मी कबरस्तानाकडं निघालो तेव्हा तिनं माझी बाही धरली. म्हणाली, "दादा, सगळ्या दुनियेला तू पटवतोस. एकदा त्यांना पटव. माझ्या लेकरावर प्रार्थना झाल्याशिवाय माती पडू देऊ नको. पडली तर मी या घरात परत यायची नाही."

दुपारपर्यंत वेळ होता. माझ्या बहिणीचं लेकरू गेलंच होतं, आता संसारही त्या खड्ड्यात जायची वेळ आली होती, आणि तो अडवायला माझ्यापाशी काय होतं, तर जीभ.

मी सुतळी ताणून खुंट्या ठोकायला लागलो. दाजी टिकावावर हात ठेवून बघत उभा होता.

"अजून तसंच आखता?" तो म्हणाला.

"कसं?"

"डोकं मावळतीला, पाय उगवतीला."

"तशीच रीत आहे, दाजी. येशू येईल तो पूर्वेकडून. त्या दिवशी उठणाऱ्याचं तोंड तिकडं असायला हवं."

आमच्या वडिलांना माती दिली तेव्हाही त्याचं हेच झालं होतं. मेल्यावरसुद्धा तुम्हाला होकायंत्र लागतं, म्हणाला होता. पूर्वेला कुंपणापलीकडं कोंडाजी गवळ्याचा गोठा आहे, मामंजी उठतील ते थेट म्हशींसमोर, असंही म्हणाला होता, आणि मला त्या दुःखातही हसू आवरलं नव्हतं. पश्चिमेला कंपाउंडची जुनी दगडी भिंत. आज तो म्हशींचं काही बोलला नाही.

"आख," एवढंच म्हणाला आणि टिकाव उचलला.

वरची काळी माती भुसभुशीत होती. ती भराभर निघाली. तो खणायचा, मी घमेलं भरून वर टाकायचो. मास्तरकीचे हात, दोघांचेही. थोड्याच वेळात त्याच्या तळव्याला फोड आला आणि फुटला. मी पाहिलं, त्यानं पाहिलं नाही.

"दाजी," मी सुरुवात केली, "पाळकसाहेब लांबलचक काही बोलणार नाहीत. दोन वाक्यं."

"शनिवारी ताप उतरला."

"हो."

"रविवारी तू मंडळीत उभा राहिलास. कुणी उतरवला म्हणालास?"

मला कळलं हे कुठं चाललंय. पण पळायला त्या खड्ड्यात जागा नव्हती. "देवानं," मी म्हणालो.

"मग सोमवारी परत कुणी चढवला?"

"देवाचे मार्ग आपल्याला कळत नाहीत, दाजी."

"रविवारी कळले होते." त्यानं टिकाव मारला. "शनिवारी उतरला की त्यानं उतरवला, सोमवारी चढला की मार्ग कळत नाहीत. असा हिशोब माझ्या वर्गातल्या पोरानं मांडला तर मी त्याला बाकावर उभं करीन."

मी दुसरं उत्तर काढलं. जग बिघडलेलं आहे, देवानं माणसाला मोकळं सोडलंय, त्यातून दुःख येतं, वगैरे. बाजारात हे चांगलं चालायचं. दाजीनं मान वर न करता विचारलं, "मोकळं माणसाला सोडलं. जंतूंनाही सोडलं का? त्यांच्यासमोर कुठलं फळ ठेवलं होतं?"

मी घमेलं भरलं. काळी माती संपून पिवळा मुरूम लागला होता, आणि फावडं आता करकरत होतं. मला स्वतःचीच लाज वाटायला लागली होती. ज्या माणसाची पोर अर्ध्या फर्लांगावर चटईशेजारी पेटीत आहे, त्याला मी बाजारातली उत्तरं देत होतो. पण थांबलो तर दया गेली. मी पुन्हा बोललो, आणि या वेळी जे खरंच माझं होतं ते बोललो.

"दाजी, मी दुसऱ्या कुठल्या देवाच्या वतीनं बोलत नाही. माझा देव लांब बसून बघत नाही राहिला. त्याचाही मुलगा मेला. लोकांनी हालहाल करून मारला. तुमच्याजागी तो उभा राहिलेला आहे."

टिकाव थांबला. दाजीनं कपाळाचा घाम मनगटानं पुसला.

"हे तुझं सगळ्यात चांगलं आहे," तो म्हणाला. "दरवर्षी तू हे शेवटी काढतोस आणि दरवर्षी मला गप्प बसावंसं वाटतं. पण आशेर, त्याचा मुलगा तिसऱ्या दिवशी परत आला. मला परवा काय मिळणार आहे?"

शिकवलेलं उत्तर होतं, पण ते त्याच्या तोंडाकडं बघून म्हणता आलं नाही.

तेवढ्यात दया आली. चहाची किटली आणि दोन कप घेऊन आली होती. घरात बायकांनी अडवलं असणार, पण तिला अडवणारी बाई आमच्या कंपाउंडात जन्मायची होती. ती खड्ड्याच्या कडेला बसली, दोन्ही कप भरले आणि एक माझ्याकडं सरकवला, दुसरा नुसता मातीवर ठेवला.

"दादा, काय झालं?"

"बोलतोय," मी म्हणालो.

"दया," दाजी खालून म्हणाला, "तू इथं येऊ नको. ऊन आहे."

ती त्याच्याकडं न बघता बोलली. दोन दिवसांत तिनं त्याच्याशी काढलेला तो पहिला शब्द. "मला तुमच्या वादातलं काही कळत नाही. कधी कळलं नाही. पण तिला शाळेत सोडताना मी बाईंच्या हातात तिचा हात देऊन येत होते. बाई दारात नसल्या तर थांबत होते. आता हिला कुणाच्या हातात न देता कशी सोडून येऊ?"

"कुणाचे हात, दया?" त्याचा आवाज फाटला. "मला दाखव. मला दिसू दे ते हात, मी स्वतः देतो तिला."

दया उठली. किटली तिथंच राहिली. पाठमोरी जाताना तिचे खांदे तसेच ताठ होते. दाजीनं तो चहा घेतला नाही. त्यावर मुरमाची धूळ बसली.

मग मी चिडलो. खरं सांगायचं तर घाबरलो होतो, आणि मला घाबरलो की चिडायची सवय आहे.

"तुम्हाला एवढा राग कुणाचा आलाय?" मी म्हणालो. "आकाश रिकामं आहे ना? जंतू होता, वाढला, पोर गेली. मग पावसाला का नाही रागावत? दगडाला का नाही? हे अन्याय झालाय, हे व्हायला नको होतं, असं तुम्ही कुणाला सुनावताय? पत्ता नसलेल्या घरी कुणी भांडायला जात नाही, दाजी."

"मी जातो," तो म्हणाला. "आठ दिवस जातोय. दार वाजवून वाजवून हात दुखले. आत कुणी नाही, हे मला ठाऊक आहे, तरी जातो. एवढ्यावरून आत माणूस आहे असं सिद्ध होत असेल तर लिही आणि छाप."

"मग तुमच्यापाशी तिच्यासाठी काय आहे? सांगा. मी ऐकतो. माझ्यापाशी प्रार्थना आहे, तुमच्यापाशी काय आहे?"

"काही नाही."

"मग माझी का अडवता?"

"कारण मी तिला कधी खोटं सांगितलं नाही." पहार मुरमात रोवून तो पुढं ओणवा झाला. "सुई दुखेल का विचारायची. दुखेल म्हणायचो. चांदोबा आपल्याबरोबर चालतो का विचारायची. नाही म्हणायचो, तसं दिसतं फक्त. दवाखान्यात..." तो थांबला. मग एकदम सगळं बोलून टाकलं. "दवाखान्यात मंगळवारी शुद्धीत होती. मी मरणार का, विचारलं. मला माहीत नाही म्हणालो. मग मेल्यावर काय होतं, विचारलं. मला माहीत नाही म्हणालो. तर म्हणाली, मामाला माहीत आहे. तुम्ही मामाला विचारा आणि मला सांगा."

मी फावडं खाली ठेवलं.

"मी येणार होतो तुझ्याकडं," दाजी म्हणाला. "बुधवारी येणार होतो. तर आता विचारतो. तुला माहीत आहे?"

वाद नव्हता तो. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली तो प्रश्न तो मला खरोखर विचारत होता, दोन्ही हातांनी पहार धरून, डोळे लाल करून. मी हो म्हणालो असतो तर कदाचित त्यानं ऐकलं असतं. दयाचं काम झालं असतं. हो एवढाच तर शब्द. पण समोर खोटं न बोलणारा माणूस उभा होता.

"माझा विश्वास आहे," मी म्हणालो.

"ते नाही विचारलं. माहीत आहे का?"

"जयवंत, माहीत असतं तर विश्वास कशाला लागला असता रे?" बोर्डिंगनंतर पहिल्यांदा मी त्याला नावानं हाक मारली. "नाही. माहीत नाही. पण सगळा भार मी त्याच्यावर टाकलाय. आणि निरूचाही टाकायला तयार आहे."

त्यानं पहार खड्ड्याच्या कडेला टेकवली. "खरं बोललास," म्हणाला. "म्हणून सांगतो, राग मानू नको. तिनं माहीत असलेलं मागितलं होतं. तू विश्वास देतोयस. ते मी तिच्या पेटीवर ठेवू शकत नाही."

खाली खडक लागला. पहारेनं कपचे काढत काढत आम्ही आणखी थोडं खाली गेलो आणि तिथंच थांबलो. लहान पेटीला तेवढं पुरे होतं.

घरी जाऊन मी दयाला सांगितलं. तिच्यासमोर मान वर करवेना. आयुष्यात पुष्कळ वाद हरलो असेन, पण हरल्यावर इतकं रिकामं वाटलं नव्हतं. मी देवाला म्हणालो, तुझ्या बाजूनं बोलता बोलता मी थकलो, आता तुझं तू बघ. ही प्रार्थना होती की तक्रार, मला सांगता येणार नाही. दया फक्त "बरं" म्हणाली आणि निरूच्या खेळण्यातली भातुकली एका टोपलीत भरायला लागली. आईकडं राहायला येण्याची ती तयारी होती.

पेटी आमच्या दानिएल सुतारानं केली होती. आंब्याच्या फळ्या, दोन्ही टोकं सारखी, वर काही नाही. दानिएल क्रूस घेऊन आला होता, दाजीनं तो दारातूनच परत पाठवला होता. चौघांनी पेटी उचलली. दाजीनं खांदा दिला नाही. घरापासून तो पेटीच्या बाजूनं चालत राहिला, झाकणाच्या एका टोकावर तळहात ठेवून. कबरस्तानाच्या फाटकापाशी वाट अरुंद आहे. तिथं त्याला हात काढून मागं राहावं लागलं, आणि पुढच्यांना पेटी आडवी-तिडवी करून आत घ्यावी लागली.

सगळी मंडळी जमली होती. माती देताना आमच्यात कुणी गप्प राहत नाही. घरापासून गीत सुरू होतं ते शेवटची मूठ पडेपर्यंत चालतं. बेसूर का होईना, माणूस गाण्यावरच खाली उतरतं. त्या दिवशी नुसते पायांचे आवाज. कुणीतरी खोकलं तर तेही मोठं वाटलं. पाळकसाहेब पवित्र शास्त्र बगलेत मिटून धरून मागं उभे होते. म्हातारा माणूस, ओठ हलत होते, ते मनात काय म्हणत होते ते त्यांचं त्यांना ठाऊक. दया खड्ड्याच्या कडेला, कोरड्या डोळ्यांनी.

दोर लावले. पेटी सावकाश खाली गेली, खडकावर टेकल्याचा आवाज आला. दोर ओढून घेतले. पाळकसाहेब पुढं आले, काही न बोलता वाकले आणि त्यांनी मूठभर माती उचलली.

"थांबा," दाजी म्हणाला.

मला वाटलं, झालं. आता हा पेटी वर काढायला लावणार आणि जीपकडं नेणार.

तो कडेवर ओणवा होऊन खाली बघत होता. "उलटी ठेवलीय," तो म्हणाला.

"काय?"

"पेटी उलटी ठेवलीय. ती गाठ बघ फळीची, काळी. ती डोक्याकडची बाजू. घरापासून माझा हात होता त्यावर. डोकं उगवतीला आलंय तिचं."

मग सगळ्यांच्या लक्षात आलं. आमच्यात पेटी कुठल्या अंगानं उतरवायची ते खांदेकरी झाकणावरच्या क्रुसावरून ठरवतात. लांब बाजू पायाकडं. या पेटीवर क्रूस नव्हता. सवयीनं सगळे त्याच्याकडं बघायला गेले असतील, दिसलं नाही, आणि फाटकात फिरवलेली पेटी तशीच उतरवली.

खांदेकऱ्यांपैकी एक जण दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, आता टेकलीय. दोरपण काढले."

"दाजी, असू द्या," मीही म्हणालो. दयाकडं बघवत नव्हतं, हे सगळं लवकर संपावं असं वाटत होतं. "आता काही फरक पडत नाही."

पाळकसाहेब पुढं झाले. "जयवंतराव, देवाला दोन्ही बाजू सारख्याच."

"मला नाहीत," दाजी म्हणाला आणि त्यानं खड्ड्यात उडी टाकली.

आत पाय ठेवायलासुद्धा जागा नव्हती. पेटीच्या कडेला अंग चोरून तो उभा राहिला, वाकला आणि दोन्ही हातांनी तिला फिरवायला गेला. खड्डा अरुंद, पेटी लांब; ती तसूभर सरकून खडकाला अडली. तो पुन्हा जोर करायला लागला. फुटलेल्या फोडांचं रक्त फळीला लागत होतं.

"जयवंतराव, तिथं नाही फिरायची," पाळकसाहेब वरून म्हणाले.

"दोर टाका. वर घ्या. फिरवून परत सोडा."

"अहो, पण..."

"पण काय?" तो ओरडला. "उठेल तेव्हा तिला समोर भिंत दिसेल! एवढीशी पोर, तिला कळायचं नाही कुणीकडं बघायचं ते..."

आणि तो थांबला. आपण काय बोललो ते त्यालाही ऐकू गेलं होतं. तो तसाच वर बघत राहिला, तोंड उघडं ठेवून. पलीकडं कोंडाजीची म्हैस ओरडली.

दया खाली बसली. खड्ड्यात हात घालून तिनं त्याच्या केसांवर हात ठेवला आणि मग ती रडायला लागली, मोठ्यानं, जनावर रडतं तशी.

मी दोर घेतला. एक टोक दाजीकडं टाकलं. त्यानं ते पेटीखालून घेतलं. आम्ही पेटी वर काढली, तिथंच हातांवर फिरवली. तो खालून बघत होता. एकदा उगवतीकडं बघितलं, एकदा भिंतीकडं, काळ्या गाठीकडं, मग मान हलवली. पेटी परत खाली आली तेव्हा त्यानं ती दोन्ही हातांवर झेलून खडकावर ठेवली.

मी हात दिला. तो वर आला. पाळकसाहेब माझ्याकडं बघत होते, मी त्याच्याकडं. विचारायची हिंमत मला झाली नाही. दयानं विचारलं.

"अहो," ती म्हणाली, "देऊ का तिला?"

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. अंगावरचा मुरूम झटकलाही नाही. माणसांमधून वाट काढत तो थेट पश्चिमेच्या भिंतीपाशी गेला आणि आमच्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. दोन वाक्यंच केली, सांगितलं होतं तशी. मला ती आठवत नाहीत. माझे डोळे उघडे होते. जन्मात पहिल्यांदा मी प्रार्थनेत डोळे मिटले नाहीत. मी त्याची पाठ बघत होतो.

पुढं पुष्कळ वर्षं गेली. दयाची टोपली त्याच संध्याकाळी परत त्यांच्या घरी गेली. दाजी आजही उपासनेला येत नाही. दोन नाताळ सोडले तर आम्ही पुन्हा भांडायलाही लागलो, आणि पुनरुत्थान ही भित्र्या माणसाची समजूत आहे असं तो मला तोंडावर सांगतो. मी माझी उत्तरं देतो. त्या दिवसाचं काढत नाही. ते मी कधी कुठल्या वादात पुरावा म्हणून मांडलं नाही, मांडणारही नाही.

त्या दिवशी आमेन झाल्यावर तो भिंतीपासून परत आला. लोकांनी मुठी भरल्या होत्या आणि पहिली कुणी टाकायची म्हणून एकमेकांकडं बघत होते. त्यानं ढिगातलं फावडं उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"हळू टाक," तो म्हणाला. "आणि पायाकडून सुरू कर. तोंडाकडचं शेवटी."

मी पायाकडून सुरू केलं.